असामाजिक कोण, हे कोण ठरवणार?

वाशिमच्या पाटणी चौकात असो की कारंजा-रिसोडच्या बसस्थानकावर, टवाळखोरी आणि दारुड्यांचा धिंगाणा थांबलाच पाहिजे. यात आमचे दुमत नाही. छेड निघते तेव्हा आमच्या वस्तीतल्या लेकीही सुटत नाहीत. डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, कित्येक वर्षांचा प्रशासकी कारभार संपला. नव्या सभागृहांनी चौकात दिवे लावावेत, कॅमेरे बसवावेत, बायांसाठी स्वच्छतागृहे बांधावीत. आम्ही स्वागतच करू.

पण ‘असामाजिक तत्त्वांचा बंदोबस्त करा’ असा ठराव झाला की गाडी आधी कुणाच्या दारी थांबते? पारध्याच्या पालापाशी. हातगाडीवाल्यापाशी. आमच्या वस्तीतल्या बेकार पोरापाशी. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला, पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नजर तीच राहिली. पोहरादेवीच्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी पुन्हा बजावावे लागले!

तडीपारीचेही तसेच. तो अधिकार नगरपरिषदेला नाही, मग सभेत कोणी कितीही टेबल बडवो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली दंडाधिकारी माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढू शकतात. जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश रद्द केला आणि हे हत्यार क्वचितच वापरावे असे सांगितले. म्हणून बांधवांनो, नोटीस आली तर घाबरून गाव सोडू नका. कलम 59 प्रमाणे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. आदेश झालाच तर 30 दिवसांत शासनाकडे अपील करता येते. मुदत चुकवू नका.

हातगाडी लावणे हा गुन्हा नव्हे, ते पोट आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत. आपल्या नगरसेवकाला विचारा, ही समिती शेवटची कधी बसली?

आता घरातले बोलू. जयंतीच्या मिरवणुकीत झिंगून नाचणारा पोरगा आमचाच असतो, आणि त्याला आवरायला आम्ही पोलिसांची वाट पाहतो. बाबासाहेबांनी 1956 ला नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती तोंडपाठ असून उपयोग काय? चौकातला धिंगाणा दारूच्या दुकानातून निघतो. त्या दुकानाला परवाना आहे, दुकानदार प्रतिष्ठित आहे. त्याला कोणी असामाजिक म्हणत नाही. प्रभागातल्या बायांनी पुरेशा सह्यांनिशी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते आणि बाटली आडवी करता येते. सह्या गोळा करायला कुठल्याही ठरावाची गरज नाही. महिला मंडळांनी येत्या रविवारी विहारातच मतदार यादी घेऊन बसावे. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत, फी लागणार नाही.