गाडी अडवणारा कोण, आणि गाडीत किती जनावरे?

सांगोल्याचा रविवारचा बाजार उठला की जनावरांचे टेम्पो आणि ट्रक रस्त्याला लागतात. कार्तिकीला वाखरीत भरणाऱ्या बाजाराचीही तीच तऱ्हा. लांब, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस ही आमच्या भागाची दौलत आहे. विकणारा शेतकरी, दलाल, घेणारा गवळी किंवा व्यापारी आणि ट्रकचा ड्रायव्हर, इतक्यांची चूल त्या एका खेपेवर पेटते. यात सर्वांत गरीब बहुधा ड्रायव्हरच. पण गाडी अडली की मार तो खातो, गुन्ह्यात पहिले नाव त्याचे लागते, आणि मालाचा धनी पुष्कळदा फोनसुद्धा उचलत नाही.

या जाचाला कंटाळून २०२५ साली राज्यातल्या कुरैशी बांधवांनी जनावरांची खरेदीच बंद ठेवली. बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यालाही झळ बसली. खासगी माणसांना गाड्या तपासण्याचा अधिकार नाही, असे तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले. चांगले झाले. पण मुंबईत बोललेला शब्द रात्री दोन वाजता फाट्यावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या मदतीला येत नाही. त्याला कायदा स्वतःलाच ठाऊक असावा लागतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३० प्रमाणे लायसन्स मागण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आणि परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर सरकारी पोर्टलवर पडताळता येणारे कागद मोबाईलवर दाखवले तरी चालतात. गोवंशासाठी २०१५ साली कडक झालेल्या राज्याच्या कायद्यातही गाडीची झडती फौजदार किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी, अथवा ज्याला रीतसर अधिकार दिला आहे तोच घेऊ शकतो. ती बंदी गाय, वळू आणि बैल यांना आहे. म्हैस त्यात नाही. गळ्यात उपरणे आणि हातात काठी म्हणजे अधिकारपत्र नव्हे. डोळ्यांसमोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणूस गुन्हेगाराला धरू शकतो हे खरे, पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. मारहाण, फोन हिसकावणे, पैसे मागणे हे त्यात कुठेच बसत नाही.

अशा वेळी ड्रायव्हरने पळू नये, हुज्जत घालू नये. काचा वर करून ११२ ला फोन लावावा. पोलीस आले की त्यांना सर्व कागद दाखवावेत. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे, ते करण्याची विनंती करावी. गाडी जप्त झालीच तर ती महिनोन् महिने ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे. वकिलामार्फत ताबडतोब अर्ज करावा.

आता थोडे कडू. व्यापारी बंधूंनो, रागावू नका. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे साध्या मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत, आणि या 'गुरां'त म्हैस येते. पुढे २०१५ साली मोटार वाहन नियमांत भर पडली. एका म्हशीला दोन चौरस मीटर जागा हवी, आणि मध्ये कप्पेही हवेत. सोळा फूट लांब, सात फूट रुंद हौदा धरला तर हिशेब पाच म्हशींचा होतो. आपण किती भरतो? भाडे वाचवायला दहा-बारा कोंबल्या की प्रामाणिक अधिकाऱ्यालाही गुन्हा नोंदवावाच लागतो. मग जनावरे गोशाळेत जातात आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या चाऱ्या-पाण्याचा खर्च मालकाच्या बोकांडी बसू शकतो. वाचवलेले भाडे तिथे किती दिवस पुरेल? पाचच म्हशी नेल्या तर प्रत्येक म्हशीमागे भाडे वाढेल हे मलाही कळते. पण ते सौद्यात धरता येते. कोर्टाच्या तारखा सौद्यात धरता येत नाहीत.

जास्त भरलेली गाडी सोडवायला जे 'चहापाणी' दिले जाते, त्याने पुढच्या गाडीचा दर ठरतो. तो देणारा आपल्याच भावाचे नुकसान करतो.

म्हणून गाडी भरण्याआधी बाजार समितीची पावती, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, विकणाऱ्या-घेणाऱ्याची नावे आणि एका वकिलाचा नंबर एका पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यावा. रात्रभर स्वतःचा फोन चालू ठेवावा. आणि भाडे ठरवतानाच हेही ठरवावे की आपल्या मालापायी ड्रायव्हर जितके दिवस ठाण्यात किंवा कोर्टात अडकेल, तितक्या दिवसांची मजुरी त्याच्या घरी पोचेल.