‘मिंडेन’ बाल्टिमोरला गेलेच नव्हते

अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिले गेले, असा एक संदेश समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. जहाजाचे नाव ‘मिंडेन’, बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड मलबारच्या सागाचे. यांतील नाव, वाडिया आणि साग खरे आहेत. राष्ट्रगीत मात्र खोटे आहे, आणि नेमके तेच सर्वांना पाठ आहे.

सप्टेंबर १८१४. फ्रान्सिस स्कॉट की हा वकील एका कैदी डॉक्टरच्या सुटकेसाठी ब्रिटिश आरमाराकडे गेला. बोलणी झाली ती अॅडमिरल कॉक्रेनच्या ‘टोनां’ या जहाजावर, जे फ्रेंचांकडून जिंकलेले होते. सुटका मंजूर झाली, पण हल्ल्याचा बेत ठाऊक झाल्यामुळे कीला परत जाऊ दिले नाही. १३ सप्टेंबरची रात्र त्याने आपल्याच अमेरिकन तहाच्या गलबतावर, ब्रिटिश पहाऱ्यात काढली. पहाटे मॅकहेन्री किल्ल्यावरचे निशाण त्याला दिसले ते तिथूनच. बाल्टिमोरच्या मोहिमेत ‘मिंडेन’ नव्हतेच.

यावर ठरलेले उत्तर येते : असू द्या, त्या निमित्ताने मुंबईच्या गोदीचे नाव तरी होते! हा युक्तिवाद दिसतो तितका निरुपद्रवी नाही. परक्या राष्ट्रगीताची उसनी झालर लावली की त्या जहाजाने प्रत्यक्षात काय केले, हे विचारण्याची गरज उरत नाही.

‘मिंडेन’ जून १८१० मध्ये मुंबईत पाण्यात उतरले. पुढच्याच वर्षी ते जावा बेट जिंकणाऱ्या ब्रिटिश मोहिमेत होते. १८१६ मध्ये अल्जिअर्सवरील तोफमाऱ्यात होते. १८४२ मध्ये ते हाँगकाँगला रुग्णालय-जहाज झाले आणि १८६१ मध्ये तिथेच विकले गेले.

हाँगकाँग ब्रिटिशांकडे आले कसे? २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर. तेही मुंबईचेच, वाडियांच्याच हातचे. युद्ध पेटले होते अफूवरून, आणि माळव्याची अफू चीनला जात होती ती मुंबई बंदरातून. चीनच्या मानहानीचा दस्तऐवज मुंबईत घडलेल्या सागवानी जहाजावर तयार झाला, ही निर्विवाद नोंद आहे. तिचा संदेश कोणी पुढे पाठवत नाही.

मुंबईच्या गोदीचा अमेरिकेशी खरा संबंधही आहे, आणि तो एका बुडीत जहाजाचा आहे. १८१२ च्या अखेरीस ‘जावा’ नावाची ब्रिटिश फ्रिगेट मुंबईत बांधावयाच्या जहाजांचे आराखडे घेऊन निघाली होती. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला गाठून निकामी केले. ओढून नेण्याच्याही लायकीची ती राहिली नाही, तेव्हा तिला आग लावण्यात आली. आराखडे गेले. त्यामुळे मुंबईत ‘वेलस्ली’ बांधताना नवा आराखडा बाजूला राहिला आणि ‘कॉर्नवॉलिस’चाच घाट गिरवावा लागला.

त्याच ‘जावा’वर मुंबईचा नियोजित गव्हर्नर थॉमस हिस्लॉप होता. तो अमेरिकनांच्या हाती कैद झाला, वचनावर सुटला आणि मुंबईची गादी त्याला मिळालीच नाही. मराठ्यांच्या इतिहासात मात्र तो पाच वर्षांनी आलाच : डिसेंबर १८१७, महिदपूर, होळकरांच्या फौजेसमोर इंग्रजी सैन्याचा सेनापती म्हणून.

‘वेलस्ली’चा शेवट तर कादंबरीकारालाही सुचला नसता. १८१५ मध्ये पाण्यात उतरलेल्या या जहाजाने १८३९ मध्ये कराची घेतली, पुढच्या वर्षी चीनमधील चुसान बेटावर तोफा डागल्या. मग शिडे उतरली, ‘कॉर्नवॉल’ हे नवे नाव मिळाले, आणि थेम्स नदीत ते मुलांचे सुधारगृह झाले. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ते जबर जखमी होऊन बुडाले. शिडांच्या युगातील अशा मोठ्या युद्धनौकांपैकी शत्रूच्या विमानांनी बुडवलेली ही एकमेव. १९४८ मध्ये सांगाडा वर काढून तोडण्यात आला. त्याची काही लाकडे लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीत गेली, नाळेवरची मूर्ती चॅटमच्या गोदीत राहिली. ‘कॉर्नवॉलिस’ शिअरनेसला धक्का म्हणून वापरले गेले आणि १९५७ मध्ये मोडीत निघाले.

वाचले ते ‘त्रिंकोमाली’. त्याचेही मूळ आराखडे ‘जावा’बरोबर गेले होते, नवे येईपर्यंत काम खोळंबले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते मुंबईत पाण्यात उतरले. पुढे चोविसाव्या दिवशी खडकीला पेशव्यांच्या आणि इंग्रजांच्या तोफा समोरासमोर आल्या. बॉम्बे गोदीचा आणि मराठेशाहीच्या अस्ताचा इतिहास वेगवेगळ्या खणांत ठेवणाऱ्यांनी या दोन तारखा एकदा शेजारी लिहून पाहाव्यात. एकीकडे साम्राज्याला जहाजे पुरवणारे हे शहर दुसरीकडे घाटावरच्या सत्तेचा शेवट करणाऱ्यांचेही ठाणे होते. अभिमानाच्या संदेशात हे दुसरे अर्धे कधी येत नाही. वाडियांचे कसब थोर होते, पण जहाजे कोणासाठी होती हे त्याने बदलत नाही.

‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे, अजूनही पाण्यावर, प्रेक्षकांसाठी उभे आहे. ‘मिंडेन’ जिथून बाहेर पडले ती डंकन गोदी मुंबईत, नौदलाच्या आवारात, अजून वापरात आहे.