मे महिन्यातली सुट्टी कोणाची?

मे महिना लागला की मुंबईत सगळीकडे सुट्टीची भाषा सुरू होते. शाळा बंद, कोर्ट बंद, कोकणातल्या गाड्यांचे आरक्षण कधीच संपलेले. याच महिन्यात बाईचे काम मात्र दुपटीने वाढते. मुले दिवसभर घरात, म्हणजे चार वेळचे खाणे. नणंदेची मुले आठवडाभर राहायला. पापड, कुरडया, लोणचे, वर्षाचा मसाला हे सगळे कडक उन्हातच उरकायचे. घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी गॅससमोरून हलायची सोय नाही.

अशाच एका मे महिन्यात कुर्ल्याच्या वस्तीतल्या बैठकीत आम्ही प्रश्न टाकला, "उद्याचा अख्खा दिवस तुमचा असेल तर काय कराल?" बराच वेळ कोणी बोलेना. मग एक म्हणाली, गोधड्या धुवीन. दुसरीचे रेशनकार्डाचे काम राहिले होते. तिसरी म्हणाली, झोपेन. त्यावर सगळ्या हसल्या आणि ती ओशाळली. शेवटी पन्नाशीची एक मोलकरीण म्हणाली, "राणीच्या बागेत जाईन. एकटी. झाडाखाली बसून भेळ खाईन. कोणाला वाटा काढायचा नाही." यावर कोणी हसले नाही. पण तिची सुट्टी बुधवारी, आणि बुधवारी राणीची बाग बंद!

भेळ खाणे ही काय चळवळीची मागणी झाली, असे काही मैत्रिणी म्हणतील. मारहाण, घर, रेशन हे प्रश्न समोर असताना आराम ही मध्यमवर्गीय चैन वाटते. मला हे पटत नाही. चैनीची गोष्ट असती तर गिरणी कामगार तिच्यासाठी भांडले नसते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने झालेल्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांमध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. त्याच वर्षी एप्रिलच्या उन्हात झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या होत्या. ती सुट्टी त्यांनीही मिळवलेली आहे. फक्त त्या रविवारी पुरुष सुटला तो पूर्ण सुटला. बाई गिरणीतून सुटली आणि घरच्या धुण्याला लागली.

आजही फार फरक नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. आणि ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. न लावणारे या हिशोबात नाहीतच, आणि बहुसंख्य तेच आहेत.

आता जरा अवघड भाग. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबर भरपगारी रजेचीही मागणी होती. २०११ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगारांना आठवड्यातून सलग किमान २४ तास विश्रांती सांगितली आहे. भारताने बाजूने मत दिले, पण करार अजून लागू करून घेतलेला नाही. सरकारला आपण जाब विचारूच. पण आपल्यापैकी कितीजणींची रविवारची शिबिरे दुसऱ्या एका बाईने सकाळी येऊन भांडी घासल्यावर सुरू होतात? तिने रजा घेतली की कामाचा डोंगर घरातल्या बाईवर कोसळतो, म्हणून त्या बाईला रजेचाच राग येतो. भांडण दोन बायकांत लागते. पेपर वाचणाऱ्याच्या हातातला चहा निवतसुद्धा नाही. मोलकरणीच्या रजेचा प्रश्न म्हणूनच नवऱ्याच्या घरकामाचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

बरे, दिवस मिळाला तरी जायचे कुठे? नाक्यावर, कट्ट्यावर, पुलाच्या सावलीत पुरुष तासन् तास बसलेले असतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. बाई बाकावर बसली तर ती कोणाची तरी वाट पाहत असली पाहिजे. नसेल तर फोन कानाला लावून तसे दाखवते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात हेच मांडले: शहरात निष्कारण रेंगाळण्याचा हक्क बाईला हवा. त्याच वर्षी मुंबईतल्या संघटनांनी स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मोहीम सुरू केली. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. भर उन्हाळ्यात घराबाहेर पडताना पाणी न पिणारी बाई बागेत किती वेळ बसणार? सावलीतले बाक, पिण्याचे पाणी, संडास आणि दुपारी उघडे राहणारे बागेचे फाटक, एवढे तरी आपल्या वॉर्डातल्या मागणीपत्रात यायला हवे.

संघटनांनी आपल्या कार्यकर्तीकडेही पाहावे. रजा मागणारी कमी निष्ठावान, ही समजूत आपण कुठून आणली? आमच्या गटाने महिन्यातला एक रविवार बैठकीविना ठेवायचे ठरवले आहे. पहिल्याच रविवारी सकाळी तिघींचे फोन आले, काही काम आहे का विचारायला.