रेडिएटरमधली हळद

आपल्याकडे हळद जखमेवर लावतात, दुधातून देतात आणि जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्येही टाकतात! थट्टा वाटत असेल तर एखाद्या जुन्या ट्रकवाल्याला विचारा. पाण्याबरोबर फिरणारी हळद बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते.

मी हा प्रयोग तेलंगणात पाहिला. आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला पौष अमावास्येला मेस्राम गोंडांची नागोबाची जत्रा भरते. ती पाहून आम्ही उटनूरला निघालो होतो. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरला लागून असलेला हा मुलूख, त्यामुळे मराठी बोलणारे पावलोपावली भेटतात. आमचा चालकही त्यांतलाच. वाटेत त्याची जुनी डिझेल जीप तापली. त्याने इंजिन निवेपर्यंत पाऊण तास वाट पाहिली, जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल केले, पाणी ओतले आणि पुडीतली हळद टाकली. आम्ही सुखरूप उटनूरला पोचलो. त्या आडरानात त्याने केले ते योग्यच होते.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. ‘‘आता दुरुस्ती कधी?’’ असे विचारले, तर तो हसून म्हणाला, ‘‘चालतेय की, साहेब!’’ छिद्र बुजवणारी तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही साचते. मग पाणी नीट निवत नाही आणि इंजिन आणखी तापते.

खरे तर गळती शोधणे फार अवघड नाही. सुरुवात झाकणापासून करावी. ते आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांवर न उकळता त्याच्या बरेच वर उकळते. झाकणाचे रबर गेले की कुठेही छिद्र नसताना पाणी उकळून बाहेर पडते. मग रबरी पाइप पाहावेत. क्लिपजवळ ते फुगतात, चिरतात. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब पडत असतील तर आतले सील गेले असे समजावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला तर सकाळी डागाची जागा बरेच सांगून जाते. गॅरेजवाला थंड इंजिनावर हातपंपाने दाब देतो. काटा खाली आला की गळती नक्की.

बाहेर थेंबही नाही आणि पाणी मात्र कमी होते, हे लक्षण वाईट. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी पुढे रेटू नये.

नुसत्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घालावे. गंज कमी धरतो, शिवाय रंगामुळे गळती चटकन दिसते. मात्र ते गोड आणि विषारी असते. सांडलेले लगेच धुवा, कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेतते.

मी सरकारी कारकून. ‘तात्पुरती व्यवस्था’ असा शेरा मारलेल्या फायली वर्षानुवर्षे कपाटात पाहतो. आपली गळकी छपरेही पावसाळ्यामागून पावसाळा ताडपत्रीवरच निघतात. पण छप्पर गळले तर बादली ठेवता येते. उटनूरसारख्या भागात एक जीप बंद पडली तर दहा जणांचा बाजार आणि एखाद्याचा दवाखाना राहतो. काही शे रुपयांचा पाइप वेळेवर बदलला नाही तर तापून हेड वाकते, आणि मग अख्खे इंजिन उघडावे लागते.

तेव्हा मंडळी, अडल्या वेळी हळद जरूर टाका. पण त्याच दिवशी दुरुस्तीची तारीख ठरवा, आणि गॅरेजवाल्याला रेडिएटर आतून धुऊन द्यायला सांगा.