मानवी साखळी पुरेशी नाही

सीरतच्या जलशात दोन प्रसंग हमखास सांगितले जातात. पहिला नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाचा. ते मदिनेत आले, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि प्रेषितांनी (स.) त्यांना मस्जिदे नबवीतच त्यांच्या रीतीने प्रार्थना करू दिली. दुसरा हजरत उमर (र.) यांचा. जेरुसलेमच्या मोठ्या चर्चमध्ये नमाज पढण्याची विनंती त्यांनी नाकारली. उद्या कुणी 'इथे खलिफांनी नमाज पढली होती' असे सांगून ते चर्च ख्रिश्चनांकडून हिरावून घेऊ नये, हे त्यामागचे कारण. वक्ता हे सांगतो, मंडपातून 'सुब्हानअल्लाह' उठते आणि आम्ही समाधानाने घरी जातो.

आमचे भांडण त्या वक्त्याशी नाही. तो सांगतो ते आमच्या परंपरेतच आहे. आमचे भांडण त्या समाधानाशी आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर आजचे कर्ज फिटते, असे आम्ही धरून चाललो आहोत. मुस्लिमबहुल देशात आज चर्च कसे चालते, अशांततेच्या दिवसांत त्याचे काय होते, हे पाहण्याची आम्हाला गरज वाटत नाही. म्हणून इथे एकाच देशाचा हिशेब मांडतो. देश इजिप्त. अल-अजहरचा देश. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती कुणी बाहेरून आणून वसवलेले लोक नाहीत. इस्लाम नाईलच्या काठी पोचण्याआधी कित्येक शतके ते तिथे होते. आज ते लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के मानले जातात.

नोव्हेंबर २०११. होस्नी मुबारक यांना पायउतार होऊन नऊ महिने झाले होते आणि सत्ता लष्कराच्या हाती होती. कैरोत तहरीर चौकाला लागून असलेल्या मोहम्मद महमूद रस्त्यावर पोलीस आणि आंदोलक तरुण यांच्यात काही दिवस सतत चकमकी चालल्या. अश्रुधूर, छर्रे, गोळ्या. छर्‍यांनी कित्येकांचे डोळे गेले. चौकाच्या मागेच कस्र अल-दुबारा हे प्रॉटेस्टंट पंथाचे मोठे चर्च आहे. त्या चर्चने आपली दारे उघडली आणि आवारात तात्पुरता दवाखाना उभा केला. जखमींना नाव विचारले गेले असेल, पण धर्मावरून कुणाला परत पाठवले गेले नाही. जवळच्याच उमर मकरम मशिदीतही असाच दवाखाना चालू होता. मशीद आणि चर्च, दोघेही एकाच रस्त्यावरच्या जखमा बांधत होते. ख्रिस्ती मंडळी याला सेवाकार्य म्हणतात, आमच्याकडे खिदमत म्हणतात. शब्द वेगळे आहेत, काम एकच.

हे चर्च दाराला कडी लावून बसले असते तरी कुणी दोष दिला नसता. त्या एका वर्षात काय काय झाले होते ते पाहा. १ जानेवारी २०११ रोजी नव्या वर्षाची प्रार्थना संपता संपता अलेक्झांड्रियातील दोन संतांच्या चर्चबाहेर स्फोट झाला. वीसहून अधिक माणसे मेली. मार्चमध्ये कैरोच्या दक्षिणेकडील सोल गावातले चर्च जमावाने जाळले. मे महिन्यात कैरोच्याच इम्बाबा भागात चर्चवर हल्ले झाले, माणसे मेली. ९ ऑक्टोबरला मास्पेरो येथील सरकारी दूरचित्रवाणीच्या इमारतीसमोर कॉप्टांचा मोर्चा आला. अस्वान भागातल्या एका चर्चवरील हल्ल्याचा निषेध करायला ते आले होते. लष्कराच्या चिलखती गाड्या त्यांच्या अंगावर गेल्या, गोळ्या झाडल्या गेल्या, पंचवीसच्या आसपास माणसे ठार झाली. त्याच वेळी सरकारी वाहिनीवरून लष्कराला वाचवण्यासाठी नागरिकांना रस्त्यावर बोलावले जात होते. जणू मोर्चेकरीच हल्लेखोर! पुढे २०१२ मध्ये तीन सैनिकांना दोन-तीन वर्षांच्या शिक्षा झाल्या. एवढ्यावर मास्पेरोचा न्याय संपला.

मास्पेरोहून तहरीरला पायी जाता येते. मास्पेरोनंतर सहा आठवड्यांच्या आत कस्र अल-दुबाराने दार उघडले, ते या सगळ्यानंतर.

आता आम्ही काय केले ते पाहू. त्या वर्षातली दोन छायाचित्रे आमच्या वर्तुळात फार फिरली. एकात तहरीर चौकात मुसलमान नमाज पढत आहेत आणि ख्रिस्ती तरुण हातात हात घालून त्यांच्याभोवती उभे आहेत. दुसरे अलेक्झांड्रियाच्या स्फोटानंतरचे. ६ जानेवारीच्या रात्री, कॉप्टिक नाताळच्या प्रार्थनेला, मुसलमान नागरिक चर्चमध्ये आणि चर्चबाहेर जाऊन उभे राहिले. हल्ला झालाच तर आधी आमच्यावर होऊ द्या, म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मोलाच्या आहेत. त्या रात्री जे उभे राहिले त्यांच्यापुढे आम्ही मान झुकवतो. पण आम्ही त्या छायाचित्रांचे काय केले? त्यांची सनद बनवली. कुणी जळलेल्या चर्चचा विषय काढला की आम्ही साखळीचे चित्र पुढे करतो आणि विषय बंद करतो.

साखळी एका रात्रीची असते. १४ ऑगस्ट २०१३ ला ती कुठे होती? त्या दिवशी सुरक्षा दलांनी कैरोतील रबिआ अल-अदविया चौकातले, पदच्युत अध्यक्ष मुर्सी यांच्या समर्थकांचे धरणे मोडून काढले. शेकडो मुसलमान मारले गेले. तो भयंकर अन्याय होता आणि त्याबद्दल आम्ही ठणकावून बोलले पाहिजे. पण त्यानंतरच्या काही दिवसांत देशभर चाळीसहून अधिक चर्चवर हल्ले झाले, त्यांतली बरीचशी जाळली गेली. मिन्या प्रांतात सर्वांत जास्त. गोळ्या सरकारने घातल्या आणि सूड ज्यांच्या हातात बंदूक नव्हती त्यांच्यावर उगवला. कारण काय? तर कॉप्टिक पोप मुर्सींच्या पाडावाची घोषणा झाली तेव्हा सेनापतींच्या शेजारी बसले होते. अल-अजहरचे शेखही तिथेच बसले होते. त्यांच्यासाठी कुणी चाळीस मशिदी जाळल्या नाहीत!

त्याच दिवसांत बनी सुएफ शहरातली फ्रान्सिस्कन नन्सची शाळा जाळली गेली. नन्सना रस्त्यातून कैद्यांसारखे फिरवण्यात आले. त्यांना सोडवले ते एका मुसलमान बाईने. ती पूर्वी त्याच शाळेत शिकवत असे. तिने त्यांना आपल्या घरात नेले. आम्हीही शिक्षकी पेशातले आहोत, म्हणून ही गोष्ट मनातून जात नाही. त्या बाईने आमची लाज राखली. पण एक मुलखाची शाळा, तिच्यातल्या मुली आणि बाया, यांचे रक्षण एका माजी शिक्षिकेच्या धाडसावर सोपवायचे असेल तर मग पोलीस ठाणे कशासाठी आहे?

खरा प्रश्न इथे आहे आणि तो कायद्याचा आहे. चर्च बांधायला किंवा दुरुस्त करायला सुलतानाची परवानगी लागेल, ही रीत उस्मानी अमलाच्या १८५६ च्या फर्मानातून आली. १९३४ साली गृहखात्याने तिला दहा अटींची जोड दिली. जवळ मशीद किती अंतरावर आहे? शेजारच्या मुसलमानांची हरकत आहे का? राजेशाही गेली, नासर आले, सादात आले, मुबारक आले; पण साध्या दुरुस्तीसाठीही राष्ट्राध्यक्षांच्या सहीची वाट पाहण्याची पाळी अनेक दशके राहिली. परवानगी मिळेना म्हणून लोक घरातच प्रार्थना सुरू करीत. मग गावात हूल उठे की 'बेकायदा चर्च' निघाले आहे आणि जमाव जमे. म्हणजे आधी कायद्याने त्यांना बेकायदा ठरवायचे आणि मग बेकायदा आहेत म्हणून जाळायचे.

३० ऑगस्ट २०१६ ला संसदेने चर्चबांधणीचा नवा कायदा केला. त्यानंतर हजारो चर्च आणि त्यांच्या इमारती नियमित झाल्या, नव्या राजधानीत २०१९ मध्ये मोठे कॅथेड्रलही उभे राहिले. हे नाकारण्याचे कारण नाही. पण मशीद आणि चर्च दोघांना एकच कायदा असावा, ही जुनी मागणी बाजूलाच राहिली. चर्चला वेगळा कायदा, वेगळ्या अटी आणि गव्हर्नरची मान्यता. शिवाय चर्चवर हल्ला झाला की 'समेटाची बैठक' भरते. गावचे वडीलधारे बसतात, पोलीस हजर असतात आणि मार खाल्लेल्यालाच सांगितले जाते की गावात राहायचे असेल तर तक्रार मागे घे. इजिप्तमधल्याच मानवी हक्क संघटनांनी हे वारंवार लिहून ठेवले आहे.

हे वाक्य ओळखीचे वाटले ना? वाटलेच पाहिजे. दंगल झाल्यावर शांतता समितीच्या बैठकीत हेच वाक्य आम्ही ऐकले आहे. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला आणि आम्ही कारवाईची मागणी करत राहिलो. ती मागणी करताना 'दंगलीत काही हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना घरात लपवले होते, तेव्हा आता गप्प बसा' असे कुणी म्हटले तर आम्ही काय उत्तर देतो? आम्ही म्हणतो, त्या शेजाऱ्यांचे उपकार विसरणार नाही, पण आम्हाला उपकार नको, हक्क हवा. हेच वाक्य कॉप्टांच्या तोंडी आले की आम्हाला परके का वाटते?

यावर आमच्यातले जाणते तीन उत्तरे देतात. पहिले, हा सगळा पाश्चात्त्यांचा प्रचार आहे. प्रचार होतो, हे खरे. पण मास्पेरोचे मुडदे प्रचाराने पडले नाहीत. आणि त्यांच्यासाठी इजिप्तचे मुसलमान पत्रकार, वकील, डॉक्टर बोलले आहेत. ते काय पाश्चात्त्य आहेत? दुसरे उत्तर, आधी गाझाचे बोला. गाझाचे बोलूच, रोज बोलू. पण जुलूम रांगेत उभा राहत नाही, की एकाचा नंबर लागल्यावरच दुसऱ्याने तोंड उघडावे. तिसरे उत्तर, इस्लामने अल्पसंख्याकांना संरक्षण दिलेच आहे. हे उत्तर सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत धोक्याचे. संरक्षण देणारा वर असतो, घेणारा खाली. या देशात कुणी बहुसंख्याकांच्या संरक्षणाखाली सुखाने राहा असे सांगितले तर आम्ही संविधान पुढे करतो आणि बरोबर करतो. मग नाईलकाठच्या माणसाला नागरिकत्व कमी का पडावे?

कुरआनच्या सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत जिथे अल्लाहचे नाव घेतले जाते त्या जागांचा उल्लेख आहे. त्यात मठ आहेत, चर्च आहेत, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आहेत आणि मशिदीही आहेत. एकाच दमात, एकाच रांगेत. इजिप्तच्या कायद्याने ती रांग मोडली आहे. १९१९ च्या क्रांतीत कॉप्टिक धर्मगुरू सर्जियस अल-अजहरच्या व्यासपीठावरून बोलले होते. त्या देशाला ही रांग ठाऊक नाही असे नाही.

आमची मागणी साधी आहे. पुढच्या जलशात नजरानचा प्रसंग जरूर सांगा. पण तो सांगून झाल्यावर १९३४ च्या दहा अटीही वाचून दाखवा. मग मंडपातून कोणता आवाज उठतो ते पाहू. कस्र अल-दुबाराने जखमीला दार उघडताना त्याला त्याच्या धर्माची अट घातली नव्हती. त्या चर्चला आपली भिंत उभी करताना शेजारच्या मशिदीचे अंतर मोजायला लागू नये, एवढे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नसेल, तर इथे आमच्या मशिदीच्या परवानगीसाठी आम्ही कोणत्या तोंडाने अर्ज लिहिणार?