आमचाही एक खंडाळा आहे

खंडाळा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण उभे राहते. १९९८ साली ‘गुलाम’ चित्रपटात आमिर खानने ते गाणे गायले आणि त्या खंडाळ्याचे नाव देशभर झाले. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला. खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, सावित्रीबाई फुल्यांच्या नायगावचा, लोणंदच्या कांद्याच्या बाजाराचा. एक गाणे एका गावाला डोक्यावर घेते आणि त्याच नावाच्या दुसऱ्या गावाला पुसून टाकते. लोकप्रिय संस्कृतीची ताकद ती हीच. म्हणूनच एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी येऊन सांगितले की, ‘मला कला महाविद्यालयात जगभरच्या लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यास करायचा आहे, मोठमोठे कार्यक्रम उभे करायला शिकायचे आहे,’ तर आईवडिलांनी लगेच कपाळाला हात लावू नये.

‘नाचगाण्याचा कसला आलाय अभ्यास?’ हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. मराठी नाटकाचा जन्म मात्र अशाच नाचगाण्यातून झाला. कर्नाटकातून एक खेळ करणारी मंडळी सांगलीला आली. तो खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसेच काही मराठीत करायला सांगितले. १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आले आणि त्याच्या स्मरणार्थ आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. म्हणजे बाहेरची कला पाहिली की आपली बुडते, ही भीती फारशी खरी नाही. पाहणाऱ्याच्या पायाखाली स्वतःची जमीन असली म्हणजे झाले. कोरियातल्या ‘गंगनम स्टाइल’ने २०१२ साली यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, तो काही स्वतःची भाषा सोडून नव्हे.

पण गाण्याची आवड वेगळी आणि हजारो माणसे एका जागी जमवून त्यांना सुखरूप घरी पाठवणे वेगळे. ५ नोव्हेंबर हीच तारीख २०२१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये फार वाईट अर्थाने गाजली. ट्रॅव्हिस स्कॉट या गायकाच्या ‘ॲस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सवात गर्दी मंचाकडे रेटली गेली आणि दहा जणांचा जीव गेला. त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगाही होता. ही दूरदेशची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर खंडाळ्याच्या शेजारच्याच वाई तालुक्यात मांढरदेवीचा डोंगर आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, काळूबाईच्या यात्रेत, तिथे सुमारे तीनशे माणसे गेली. चढाची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वाटेला खेटून दुकाने आणि त्यांत लागलेली आग. एकीकडे परदेशी पॉप संगीत, दुसरीकडे गावची देवी. पण गर्दीचे शास्त्र दोन्हीकडे एकच. माणसाला मागे वळायला जागा नसली आणि पुढे काय झाले ते मागच्याला कळले नाही, की भक्त आणि चाहता यांत काहीही फरक उरत नाही.

आता याच मुलखातले दुसरे उदाहरण पाहा. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि खंडाळा तालुक्यातल्या लोणंदला मुक्काम करते. लाखो माणसांचे एक चालते गाव उघड्या माळावर उतरते, जेवते, झोपते आणि पुढे निघते. ही शिस्त बसवली सातारकडच्याच आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौजेचा तळ कसा हलतो, हे त्यांना ठाऊक होते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, विणेकऱ्याची जागा ठरलेली. संध्याकाळी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सारा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकले जाते, मग आरती पुढे चालू होते. ध्वनिवर्धक नव्हता तेव्हापासून लाखोंच्या गर्दीत शेवटच्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकायची ही सोय आहे. ह्यूस्टनला नेमकी हीच सोय तोकडी पडली. गर्दीतली माणसे ओरडत होती आणि गाणे चालूच होते.

माझे म्हणणे एवढेच की हा विषय शिकवायचा तर नीट शिकवा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्याला गोठ्यात न नेता कोणी पदवी देईल काय? मग कार्यक्रम उभारायला शिकणाऱ्याला लोणंदचा तळ, बावधनचे बगाड, ३ जानेवारीला नायगावात लोटणारी गर्दी दाखवल्याशिवाय पदवी का द्यावी? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण दिव्यांची रोषणाई आणि जाहिरात यांवर चार धडे आणि गर्दीवर एकही नाही, असा अभ्यासक्रम कुणी आखत असेल तर त्याला पालकांनीच विचारले पाहिजे. शिकवणाराही पदवीधरच असावा असे नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर कुठल्या महाविद्यालयात लावणी शिकल्या नव्हत्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तमाशाच्या फडात तंबू ठोकणारा, प्रेक्षकांचा अंदाज घेऊन बाहेर पडायची कनात कुठे सोडायची हे जाणणारा माणूस वर्गात येऊन दोन तास बोलला, तर मुलांचे नुकसान होणार नाही आणि त्याच्या विद्येला उशिरा का होईना, मान मिळेल.

पोटापाण्याचे काय, हा आईवडिलांचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की गर्दी जमवणारे आज पुष्कळ आहेत, गर्दी सांभाळणारे थोडे आहेत. आणि ज्याची उणीव असते त्याला काम मिळते. पण प्रवेशाचा अर्ज भरताना मुलाला एक प्रश्न घरातूनच विचारावा: तुझ्या कार्यक्रमात सर्वांत मागे उभा असलेला माणूस अडचणीत आला, तर त्याचे टाळ तुला ऐकू येतील का? याचे उत्तर देता येणारी मुले ज्या महाविद्यालयातून बाहेर पडतील, तिथे आपले मूल खुशाल पाठवावे.