दणका नको, शब्द हवेत



पर्युषण जवळ आलं की बारामती-इंदापूरच्या आपल्या घरांत एक खरेदी हमखास निघते. आईंना किंवा सासूबाईंना स्तवनं, प्रवचनं ऐकायला स्पीकर. गुडघ्यांमुळे ज्यांचं मंदिरात, स्थानकात जाणं सुटलं, त्यांचा स्वाध्याय आता ऐकण्यावरच चालतो. म्हणून या खरेदीत दणका बघू नका, शब्द बघा, असं माझं ठाम मत आहे.

भक्तामरचंच घ्या. दिगंबरांत 48 श्लोक, श्वेतांबरांत 44. वसंततिलका वृत्त, प्रत्येक चरणात 14 अक्षरं आणि जागोजागी जोडाक्षरं. वय वाढलं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि 'स', 'श' सारखी अक्षरं त्यांच्यावरच ओळखू येतात. त्यात स्पीकर नुसता घुमणारा असेल, तर आईंपर्यंत चाल पोचते, शब्द पोचत नाहीत. त्या मान डोलावतात आणि आपल्याला वाटतं, ऐकलं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या 'पीएमपीओ' वॅटना भुलू नका, तो फुगवलेला आकडा असतो. 'आरएमएस किती?' असं विचारा. दहा-बारा फुटांच्या खोलीला 20 वॅट आरएमएस भरपूर झाले. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात, त्यामुळे 20 च्या जागी 40 साठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. 'हाय-रेझ'चंही तसंच. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि साधी सीडी तेवढं देते.

दुकानदार डीजेचं गाणं लावून दाखवेल. ते बंद करायला सांगा आणि आपल्या मोबाईलवरचं महाराजसाहेबांचं प्रवचन लावा. आवाज बारीक ठेवा आणि पाठ करून दारापर्यंत चालत जा. प्रत्येक शब्द कळला तरच पैसे काढा. जमलं तर सासूबाईंनाच सोबत न्या, कान त्यांचे आहेत.

पण त्याआधी माळा उघडा. जुनी म्युझिक सिस्टीम असेल आणि मागे लाल-पांढरी भोकं किंवा 'ऑक्स' लिहिलेलं असेल, तर नवीन काही लागत नाही. मोबाईलला गोल पिनेची जागा नसेल तर डॅक असलेली छोटी जोडणी मिळते. मोबाईलमधल्या आकड्यांचा आवाज करण्याचं काम ती करते. ती आणि एक वायर, हजार-बाराशेत काम होतं. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या घरात तर हाच पहिला विचार हवा.

दोन गोष्टी फुकटच्या. स्पीकर जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवू नका, आवाज घुमतो. बसल्यावर कानाच्या उंचीवर, त्यांच्या जवळ ठेवा. आणि स्तवनं चांगल्या प्रतीची घेऊन पेन ड्राइव्हमध्ये भरून द्या. ऑनलाइन लावलं की नवकाराच्या मध्येच चिकनची जाहिरात वाजते, ते कुणाला सोसवेल?

सामायिकाच्या 48 मिनिटांत मात्र यंत्राला सुट्टी. तेव्हा आईंजवळ आपण बसावं आणि दोन श्लोक आपल्याच आवाजात म्हणावेत. त्याहून स्पष्ट त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही.